भिंतीला जाडी असते

एरवी या सदराला दर आठवड्याला दीड स्तंभ जागा मिळते, आणि साबणाची जाहिरात जरा मोठी आली की तीही आकसते. दिवाळी अंकाच्या वेळी मात्र संपादकांचे मन फराळाच्या ताटासारखे भरलेले असते. ‘या खेपेस शब्द मोजू नका,’ असा त्यांचा निरोप आला, तेव्हा मी ठरवले की दीड स्तंभात जे कधीच मावले नसते ते आता लिहून टाकावे. विषय आहे, हायस्कुलातल्या मुलांना संगणकावर नकाशे काढायला शिकवण्याचा.

लगेच पान उलटू नका. विषय रुक्ष दिसतो हे मला मान्य आहे. पण चकलीचा सोऱ्या तरी दिसायला कुठे रसाळ असतो?

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की माझा जन्म ड्राफ्ट्समनच्या स्टुलावर गेला. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि शहरातल्या एका कचेरीत चिकटलो. लाकडी बोर्ड, टी-स्क्वेअर, दोन गुण्ये, शाईची पेने आणि ट्रेसिंग पेपर ही आमची हत्यारे. शाईची रेघ खोडायची म्हणजे ब्लेडच्या कोपऱ्याने कागद असा खरवडायचा, की शाई जावी आणि कागद राहावा. न्हाव्याला आणि आम्हालाच साधणारी ती कला. नकाशाच्या प्रती अमोनियाच्या वाफेवर निघत, त्यामुळे घरी गेल्यावर बायकोला न सांगता कळे की आज छपाईचा दिवस होता. १९९० नंतर कचेरीत संगणक आले, त्यांच्या पाठोपाठ ऑटोकॅड आले, आणि आठ-दहा वर्षांत सगळे बोर्ड गच्चीवर गेले. त्यातल्या एकाचे आमच्या शिपायाने कोंबड्यांचे खुराडे केले. लाकूड चांगले होते.

निवृत्त होऊन मी मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी परतलो, आणि गेली चार वर्षे बुधवारी व शनिवारी तिथल्या हायस्कुलात नववीच्या मुलांना संगणकावर रेखाटन शिकवतो. मानधन म्हणाल तर शिपाई चहा आणून देतो, आणि तो गोड असतो.

परवा पालकसभेत एका किराणा दुकानदार गृहस्थांनी मला विचारले, “अहो सर, रेघ आता यंत्रच काढतं म्हणतात. मग पोरांनी शिकायचं ते काय?”

प्रश्न खोडसाळ नव्हता. ज्याच्या दुकानात तराजू जाऊन आकडे दाखवणारा काटा आला, त्याला तो पडणारच. सभेत उत्तर द्यायला दोन मिनिटे होती. इथे पाने आहेत.

यंत्र रेघ काढते ही गोष्टही तशी आजची नाही. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीच्या आयव्हन सदरलंड या तरुण संशोधकाने ‘स्केचपॅड’ नावाची करामत करून दाखवली. खोलीभर पसरलेल्या संगणकाच्या पडद्यावर तो प्रकाशाच्या लेखणीने रेघा ओढी, आणि यंत्राला सांगे की या दोन समांतर कर, या दोन सारख्या लांबीच्या कर. यंत्र ते निमूटपणे करी. पुढे १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि हीच विद्या टेबलावरच्या छोट्या संगणकावर उतरली. आता तर लिब्रेकॅडसारखी फुकट मिळणारी प्रणाली जुन्यापान्या संगणकावरही चालते, आणि आम्ही तीच वापरतो, कारण आमच्याकडे दुसरे काही परवडणारे नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट बदललेली नाही. रेघ किती लांब हवी, कुठून कुठे हवी आणि कशासाठी हवी, हे सदरलंडच्या यंत्राला ठाऊक नव्हते, आणि आमच्या शाळेतल्या यंत्रालाही ठाऊक नाही. ते बाहेरून आणावे लागते.

म्हणून माझा पहिला तास संगणकाच्या खोलीत होत नाही. खोलीला कुलूपच असते. मी मुलांच्या हातात मोजायची टेप देतो आणि वर्गातला बाक मोजायला सांगतो. पहिल्याच वर्षी एका गटाने येऊन सांगितले, “साडेचार.”

“साडेचार काय?”

“साडेचार, सर.”

“फूट, हात, की कोस?”

वर्ग हसला, पण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या वहीतही नुसताच आकडा होता. टेपेच्या एका कडेला इंच असतात, दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. आणि मुलांचा डोळा जी कड वर येईल ती वाचतो. तेव्हापासून आमच्या वर्गात कायदा आहे की सगळी मापे मिलिमीटरमध्ये. बाक साडेचार फूट नाही, १३७२ आहे. मिलिमीटरचा मोठा फायदा असा की त्यात दशांशचिन्ह लागत नाही आणि ‘साडे’ नि ‘पावणे’ यांना जागा उरत नाही. मुले कुरकुरली. पंधरा दिवसांनी तीच मुले डबा उघडून पोळीचा व्यास सांगू लागली.

आता संगणकाच्या खोलीत जाऊ. यंत्रे चौदा, त्यांतली जागी असणारी अकरा, आणि मुले बेचाळीस. कोणी म्हणेल ही अडचण आहे. मला ती सोय वाटते. एका यंत्रापाशी चौघे किंवा तिघे बसतात. एकाच्या हातात माऊस, एकजण वहीतली मापे मोठ्याने वाचतो, उरलेले ती बरोबर बसली की नाही ते पाहतात, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलतात. माझ्या कचेरीतही एकाने वाचायचे नि दुसऱ्याने तपासायचे असाच शिरस्ता होता. एकेकाला एकेक यंत्र मिळाले असते तर प्रत्येकजण आपापल्या पडद्यात तोंड खुपसून बसला असता.

रेघ काढण्यापूर्वी जागा सांगावी लागते. पडद्यावर एक ‘शून्य, शून्य’ असतो. तिथून उजवीकडे किती आणि वर किती हे दोन आकडे दिले की बिंदू ठरला. आलेखाच्या कागदावर मुलांनी हे केलेले असते, पण परीक्षेपुरते. इथे दुसरीही एक रीत आहे: आकड्यांच्या आधी @ हे चिन्ह टंकले की यंत्र मोजणी शून्यापासून न करता, आपण जिथे थांबलो तिथून करते. मी मुलांना सांगतो, पहिली रीत म्हणजे पोस्टमनचा पत्ता. दुसरी म्हणजे वाटसरूला सांगितलेली वाट, इथून सरळ जा, मग वळा. हे सांगितल्यावर चौकोन काढायला कोणाला अडचण येत नाही. गणिताच्या शिक्षकांनी मला खास भेटून सांगितले की यंदा ऋण संख्यांना मुले घाबरत नाहीत. डावीकडे जायचे असेल तर वजा लागतो, एवढे त्यांना बोटांनीच कळले आहे.

मग एक दिवस यंत्र रुसते. मुलांनी भिंतीचा चौकोन काढलेला असतो, आणि विटांची खूण म्हणून त्यात तिरप्या रेघांची भरणी करायची असते. यंत्र भरणी करत नाही. मुले म्हणतात, “सर, बिघडलं.” मी म्हणतो, “कोपरा मोठा करून पाहा.” दहापट मोठा केला तरी रेघा जुळलेल्याच दिसतात. शंभरपट केला की दोन रेघांच्या टोकांमध्ये फट दिसते. चौकोन बंदच नसतो, मग भरणार कशात? कागदावर पेन्सिलीची रेघच इतकी जाड असते की असली फट तिच्या पोटात खपून जाते. माझ्या पिढीचे कितीतरी कोपरे असे खपून गेले असतील. यंत्रापुढे हे चालत नाही. यावर उपाय सोपा आहे: रेघेचे टोक नजरेच्या अंदाजाने न धरता, यंत्राला ‘टोकच पकड’ असे सांगायचे. पण तो उपाय मी आधी सांगत नाही. फट एकदा डोळ्यांनी दिसावी लागते.

मुलांना खरा धक्का बसतो तो मात्र प्रमाणाचा. कागदावर घर काढायचे तर ते पन्नासपट किंवा शंभरपट लहान करावे लागते, आणि आमचे अर्धे आयुष्य त्या भागाकारात गेले. संगणकावर सहा मीटरची भिंत सहा मीटरचीच काढायची असते, ६०००. “सर, घर पडद्यात मावंल कसं?” असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. मावायचे कारण नाही. पडदा ही खिडकी आहे, आपण तिच्यापासून मागे सरकायचे. लहान करायचे ते फक्त छापताना. हे ज्याला उमगले त्याला संगणकावरचे रेखाटन आले असे मी समजतो. बाकीच्या आज्ञा पाठ करायला आठवडा पुरतो. आमच्या एसटी स्टँडासमोर एका क्लासची पाटी आहे, ‘दीड महिन्यात संपूर्ण कॅड’. तिथून शिकून आलेला एक मुलगा मला भेटला. त्याला शंभर आज्ञा येत होत्या. दार किती रुंद असते ते येत नव्हते.

या कामात मला खरी सोबत आहे ती चित्रकलेच्या बाईंची. त्या मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवतात. इंटरमिजिएटला घनभूमिती असते, आणि घनभूमिती म्हणजे माझाच विषय पेन्सिलीने. एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते हे तीन आकृत्यांत दाखवायचे. आपल्याकडे प्रथम कोन पद्धत प्रमाण आहे. तिच्यात वरून दिसणारे रूप खाली काढतात. मुलांचा आक्षेप रास्त असतो: “वरून दिसतं ते खाली का?” बाईंनी याचे उत्तर मोठे सुरेख दिले. त्यांनी खडूची पेटी हातात धरली, दुसऱ्या हाताने तिच्यावर विजेरी धरली आणि विचारले, “सावली कुठे पडली?” सावली जमिनीवर पडली होती. अमेरिकेत वस्तू आणि डोळा यांच्यामध्ये काच धरल्यासारखे मानतात, म्हणून तिकडे वरचे रूप वर जाते. दोन्हींत खोटे काही नाही. नकाशावर कोणती पद्धत ते लिहिले म्हणजे झाले.

गेल्या दिवाळीला आम्ही दोघांनी मिळून वर्गाला आकाशकंदील काढायला दिला. सहा चौरस आणि आठ समभुज त्रिकोण यांचा तो नेहमीचा कंदील. सगळ्या कडा १५० च्या. पडद्यावर एकच चौरस आणि एकच त्रिकोण काढायचा, बाकीच्या नकला. त्रिकोणाची उंची यंत्राने १२९.९०३८ दाखवली तेव्हा एका मुलाला इतका आनंद झाला की त्याने चारही दशांश स्थळे वहीत उतरवून घेतली. आकृत्या निर्दोष होत्या. छापल्या, जाड कागदावर गिरवल्या, कापल्या. आणि मग खळ लावायची वेळ आली, तेव्हा कळले की खळ लावायला पट्टीच ठेवलेली नाही! सगळे तुकडे कडेला कड लावून घट्ट धरायचे आणि देवाचे नाव घ्यायचे, एवढेच उरले. मुले पुन्हा यंत्रापाशी गेली आणि कडेबाहेर दहा मिलिमीटरच्या पट्ट्या काढून आली. मग कोणत्या कडेला पट्टी हवी आणि कोणत्या कडेला नको, यावर मोठा वाद झाला. कारण जोडायच्या दोन्ही कडांना पट्टी आली तर एक वाया. चौदा तुकड्यांच्या कंदिलाला चोवीस कडा असतात. चौरसांना पट्ट्या द्या, त्रिकोणांना नको, असा निवाडा एका मुलीने दिला. सहा चोक चोवीस! प्रत्येक कडेला एका बाजूने चौरस आणि दुसऱ्या बाजूने त्रिकोणच येतो, हे तिच्या आधी कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

याच मुलीविषयी मला आज मुख्यतः लिहायचे आहे.

यंदा ती नववीत आहे. गेल्या वर्षी आठवीत असतानाच दाराशी उभी राहून पाही, म्हणून तिला आत घेतले होते. आमच्या भागातून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात. तिचे आई-वडील त्यांतलेच. मुकादमाची उचल घेतलेली असते, तेव्हा जायचे की नाही हा प्रश्न नसतो. मागे घरी आजी आणि ही. यंदा त्यांना घरकुल मंजूर झाले. २०१६ पासून जी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात चालू आहे, तिच्यात घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते, आणि पैसे बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने, फोटो चढवले की खात्यावर येतात. पहिला हप्ता आला तो भाद्रपदात. पितृपक्षात पाया आखायचा नाही. घट बसल्यावर आखायचा आणि दसऱ्याला आई-वडिलांनी निघायचे. म्हणजे घर बांधले जाणार ते बांधणाऱ्याच्या पाठीमागे.

आमच्या वर्गात त्या सुमारास घराचाच नकाशा चालू होता. मी सगळ्यांना २५ चौरस मीटरचे घर काढायला सांगितले. बेचाळीस मुलांनी पाच मीटर गुणिले पाच मीटर असा चौकोन काढला आणि मध्ये एक रेघ ओढून दोन खोल्या केल्या. काम पाच मिनिटांत आटोपले.

“भिंत कुठे आहे?” मी विचारले.

“ही काय, रेघ.”

“या रेघेवर छप्पर टिकेल?”

नऊ इंची विटेची भिंत २३० मिलिमीटर जाड असते. मुलांनी चारही रेघा तेवढ्या आत सरकवल्या. आतली बाजू ४५४० झाली, आणि यंत्राने क्षेत्रफळ दाखवले: वीस पूर्णांक सहा दशांश. जवळजवळ साडेचार चौरस मीटर भिंतींनी खाल्ले! एक मुलगा म्हणाला, “सर, हे तर फसवलं.” कोणी फसवले नव्हते. भिंतीला जाडी असते, हे त्या मुलांना घरात जन्मभर राहूनही ठाऊक नव्हते, कारण आपण भिंतीच्या या बाजूला असतो किंवा त्या बाजूला. भिंतीत कधीच नसतो.

मुलीने मात्र पाच बाय पाच काढलेच नव्हते. “आमची जागा तशी न्हाई,” ती म्हणाली. एका अंगाला चुलत्याची भिंत, दुसऱ्या अंगाला बोळ. मध्ये मिळते ती लांबट पट्टी. तिने घरी जाऊन टेपेने मोजली होती, तीही दोन्ही टोकांना, कारण बोळ सरळ नाही. तिचे घर ४२०० रुंद आणि ६००० लांब, म्हणजे २५.२ चौरस मीटर. भिंती वजा जाता आत ३७४० रुंदी. मध्ये साडेचार इंची आडभिंत. पुढे खोली, मागे स्वयंपाकघर. पुढचे दार आणि आतले दार दोन्ही बोळाच्या बाजूला, एका रेषेत; जुन्या घराला तशीच होती आणि वडिलांनी तशीच सांगितली होती. खिडकी बोळाच्या भिंतीला, कारण दुसरीकडे चुलत्याची भिंत.

नकाशा स्वच्छ होता. मी म्हटले, “आता यात खाट काढ.”

“खाट बी काढायची असती व्हय, सर? ती तर मागनं येती.”

“आजी मागनं येणार आहे का?”

ती गप्प राहिली. मग घरी मोजलेली खाट, सहा फूट बाय तीन फूट, १८३० गुणिले ९१५, असा चौकोन तिने काढला आणि माऊसने धरून घरात फिरवू लागली. आजी दिवसभर खाटेवर असते. तिला दमा आहे. खाट खिडकीपाशी हवी. खिडकीपाशी ठेवली की पुढच्या दारातून मागच्या दारात जायची वाट नेमकी खाटेवरून जाई. चुलत्याच्या भिंतीला लावली की वाट मोकळी, पण आजी अंधाऱ्या अंगाला. मुलीने खाट चार वेळा इकडून तिकडे नेली. वर्गातली बाकीची मुले आपले काम टाकून मागे उभी राहिली होती. कोणी म्हणे खाट उभी लाव, कोणी म्हणे खिडकी पुढच्या भिंतीत घाल. तासाची घंटा झाली तरी कोणी हलेना.

दारे हलवायची हे तिला रात्री सुचले. शनिवारी येऊन तिने दोन्ही दारे उचलून चुलत्याच्या भिंतीच्या बाजूला नेली. आता वाट त्या बिनखिडकीच्या भिंतीलगत गेली, आणि बोळाच्या अंगाला खिडकीखाली आजीची खाट बसली. खाट वजा जाता २८२५ रुंदी मोकळी राहिली. एकही वीट वाढली नाही, एक रुपया वाढला नाही. तिने नुसते दोन चौकोन सरकवले होते. पण हे सरकवणे पडद्यावर दोन मिनिटांचे असते आणि बांधून झालेल्या भिंतीत दोन पिढ्यांचे.

पुढचे काम माझ्या वर्गाबाहेरचे होते, आणि ते अवघड होते. वडिलांना पटवणे. त्यांनी कागद हातात घेतला, फिरवला, आणि मला विचारले, “सर, हे तुम्ही काढलं का पोरीनं?” मी म्हटले, “तिनं. मी फक्त खाट काढायला सांगितली.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “गवंड्याला इचारू.”

घटस्थापनेनंतर चौथ्या दिवशी गवंडी आला. पांढरी फक्की, खुंट्या, सुतळी आणि ओळंबा. मलाही बोलावले होते. गवंड्याने कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “दाराचं तोंड पूर्वेलाच ऱ्हातं न्हवं?” दार त्याच भिंतीत होते, नुसते कोपरा बदलून. “मग काय हरकत न्हाई,” तो म्हणाला, आणि वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. मी आठ दिवस ज्याची चिंता करत होतो ते असे एका वाक्यात झाले.

गवंडी फुटाने मोजतो. पोरीने कागदावर दोन्ही मापे घातली होती: ४२०० खाली तेरा फूट नऊ इंच तीन सूत, आणि ६००० खाली एकोणीस फूट आठ इंच दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा शब्द तिला आजीने सांगितला होता, आजोबा सुतारकाम करीत तेव्हापासूनचा. गवंड्याने पहिली दोरी ताणली, कोपऱ्याला तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर, आणि त्या दोन खुणांमधले अंतर पाच फूट येईपर्यंत दुसरी दोरी हलवली. गुण्या जमला. सातवीच्या पुस्तकातला पायथागोरस असा सुतळीवर उभा राहिलेला मुलीने पहिल्यांदाच पाहिला.

चारही खुंट्या ठोकून झाल्यावर तो तिरपे माप घ्यायला निघाला. समोरासमोरच्या कोपऱ्यांची दोन्ही तिरपी मापे सारखी आली तर चौकोन खरा. टेपेचे दुसरे टोक मुलीच्या हातात होते. तो वाचायच्या आधीच ती म्हणाली, “मामा, सात मीटर बत्तीस सेंटिमीटर आन् वर चार मिलिमीटर यायला पायजे.” पडद्यावर तिने ते आधीच मोजून पाहिले होते, ७३२४. पहिले माप तेवढेच आले. दुसरे दीड इंच जास्त. गवंड्याने कागदाकडे पाहिले, पोरीकडे पाहिले, बोळाच्या अंगची मागची खुंटी उपटली आणि पुढे सरकवली. “बोळ वाकडा हाय,” तो म्हणाला. “खुंटी बोळाच्या रेघंला लागली व्हती.” तीन वेळा ठोकल्यावर दोन्ही मापे जुळली.

यावर ‘बघा, यंत्रामुळे केवढे काम झाले’ असे म्हणणारे मला भेटतीलच. काही वर्षांपूर्वी, २०१६ साली, अटल टिंकरिंग लॅबची योजना सुरू झाली आणि अनेक शाळांत वस्तू छापणारे थ्री-डी प्रिंटर आले. कुठे त्यांचा उत्तम उपयोग होतो. शेजारच्या एका शाळेत मात्र तो मी फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला पाहिला, वर दसऱ्याचा वाळका हार. हुकूम दिला तर तो काहीही छापून देईल. हुकूम द्यायला मोजलेले काही लागते, आणि मोजायला टेप लागते. ती आमच्याकडे पाच आहेत. सहावी घ्यावी असा माझा मुख्याध्यापकांकडे अर्ज आहे.

आई-वडील दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टोळीबरोबर गेले. जाताना वडिलांनी नकाशाचा फोटो मोबाईलमध्ये घेतला आणि मूळ कागद आजीच्या उशीखाली ठेवला. गवंड्याला काही विचारायचे असले की तो फोन करतो. फडात फोन लागला तर ठीक, नाही तर आजी उशीखालचा कागद काढून देते आणि मुलगी शाळेतून आल्यावर वाचून दाखवते. हे लिहितो आहे तेव्हा काम जोत्यापर्यंत आले आहे. वर्गातली आणखी तिघे-चौघे आपापल्या घरांची मापे घेऊन आली आहेत. एकाला गोठा काढायचा आहे, आणि म्हैस नकाशात किती जागेची धरायची यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही.

परवा गवंडी रस्त्यात भेटला. मला वाटले, दारांविषयी काही बोलेल. तो म्हणाला, “सर, नकाशा झ्याक हाय. पण आकडे निस्ते मुंगीवानी. माझा चस्मा घरी ऱ्हातो. पोरीला जरा मोठे टाकाया सांगा.”

त्याचे म्हणणे बरोबर होते. कागदावर अडीच मिलिमीटर उंचीचा आकडा हवा असेल तर पन्नासाच्या प्रमाणात तो पडद्यावर १२५ चा काढावा लागतो, आणि आम्ही तोच काढतो. पुस्तकातही तसेच आहे. बुधवारी मी वर्गात ही तक्रार सांगितली. मुलीने काही न बोलता आपला नकाशा उघडला, आकड्यांची उंची २०० केली, आणि नवी प्रत छापून दप्तरात घातली.